पापनिवेदन पाच वेळा झालं, भावाशी अबोला मात्र नऊ वर्षांचा

प्रश्न विचारणाऱ्याने लिहिलं आहे ते थोडक्यात असं. वीस वर्षांपूर्वी हातून एक गंभीर पाप घडलं. त्याचं पापनिवेदन (फादरांपुढे पाप कबूल करून देवाची माफी घेणं) पाच वेळा, पाच वेगवेगळ्या फादरांकडे करून झालं, तरी माफी मिळाली असं वाटत नाही. रोज दुपारी तीन वाजता दैवी दयेची जपमाळ चुकत नाही. दुसरीकडे सख्ख्या धाकट्या भावाशी नऊ वर्षं बोलणं बंद आहे. वडिलांच्या वाडीवरून दिवाणी दावा चालू आहे. ‘क्षमा कर’ असं सगळे सांगतात, म्हणजे दावा मागे घ्यायचा का? आणि तोवर देव माझं ऐकणारच नाही का?

तुम्ही हे दोन वेगळे प्रश्न म्हणून मांडलेत, एक देवाशी आणि एक भावाशी. मला ते एकाच ठिकाणी अडलेले दिसतात. देवाकडे तुमची जी वही आहे ती बंद झाली यावर तुमचा विश्वास बसत नाही, आणि भावाच्या नावाची वही तुम्ही बंद करायला तयार नाही. हिशेब मिटू शकतो हेच मनाला पटलेलं नाही. म्हणून सुरुवात पापनिवेदनापासून करू.

आधी जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगतो. पाप कोणतं हे तुम्ही लिहिलं नाहीत आणि इथे लिहूही नका. पण त्यात कुणाचे पैसे बुडाले असतील, कुणाची बदनामी झाली असेल किंवा कुणावर खोटी साक्ष गेली असेल, तर माफीबरोबर भरपाईही येते. पैसे परत करायचे असतात, खोटं बोललो असू तिथे जाऊन खरं सांगायचं असतं. ते राहिलं असेल तर मनातली टोचणी खरी आहे. ती जपमाळेने जाणार नाही आणि जाऊही नये. तसं काही देणं नसेल, किंवा ते फेडून झालं असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

पापनिवेदन पूर्ण होण्यासाठी पाच गोष्टी लागतात: विवेकाची तपासणी, पश्चात्ताप, पुन्हा न करण्याचा निश्चय, फादरांपुढे कबुली आणि दिलेलं प्रायश्चित्त. ‘हलकं वाटणं’ या यादीत कुठेही नाही. गंभीर पापं कोणती आणि अंदाजे किती वेळा एवढं सांगावं लागतं, बारीकसारीक प्रसंग नव्हे. एखादी गोष्ट मुद्दाम लपवली तरच कबुली सदोष ठरते. विसरून राहिलेलं माफीत आलेलंच असतं, पुढच्या वेळी आठवलं की सांगायचं. या कसोटीवर तुमचं पहिलंच निवेदन पुरेसं असण्याची शक्यता खूप आहे.

मग शांती का नाही? कारण तुम्ही पाच वेळा गेलात. तेच पाप पुन्हा सांगायला माणूस निघतो तेव्हा तो मनाला नकळत शिकवत असतो की मागच्या वेळचं पुरलं नाही. दोन दिवस बरं वाटतं. मग शंका येते: नीट सांगितलं ना? फादरांना समजलं ना? पश्चात्ताप खरा होता ना? आणि तिची धार आधीपेक्षा जास्त असते. फादर बदलल्याने भर पडते, कारण नव्या फादरांना आधीचं काही माहीत नसतं, ते पुन्हा पहिल्यापासून ऐकतात. येशूसंघाचे संस्थापक, लोयोलाचे संत इग्नाशियस यांना १५२२ मध्ये स्पेनमधल्या मान्रेसा इथे हाच त्रास इतका झाला की ते पार खचले होते. जुनी पापं पुन्हा सांगायची नाहीत असं ठरवल्यावरच ते त्यातून बाहेर आले.

तुम्ही करायचं ते असं. एकच फादर निवडा, शक्यतो वयाने आणि अनुभवाने मोठे. शनिवारच्या रांगेत उभे राहू नका, वेगळी वेळ मागून घ्या, अर्धा तास पुरे. एका कागदावर तीन ओळी लिहून न्या: पाप काय, आधी किती वेळा सांगितलं, आणि काही लपवलं होतं का. सहावी कबुली द्यायला जाऊ नका. एकच प्रश्न विचारा: ‘फादर, हे मला आयुष्यात पुन्हा सांगण्याची गरज आहे का?’ त्यांनी नाही म्हटलं तर कागद घरी येऊन जाळा आणि त्यांचा शब्द पाळा. शंका पुन्हा येईल, बहुधा आठवड्याच्या आत. तेव्हा वाद घालत बसू नका, ‘उत्तर मिळालं आहे’ एवढं म्हणून हातातल्या कामाला लागा. या विचारांत रोजचा तासाहून जास्त वेळ जात असेल, झोप मोडत असेल, मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जायची भीती वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांनाही भेटा. हा त्रास आजाराच्या रूपातही असतो आणि त्यावर उपचार आहेत. औषध घेतल्याने श्रद्धा कमी होत नाही.

प्रायश्चित्त म्हणून तीन ‘नमो मरिया’ दिल्या तर अनेकांना ते फार स्वस्त वाटतं. वीस वर्षांचं ओझं आणि तीन प्रार्थना! पण प्रायश्चित्त ही पापाची किंमत नाही. ती किंमत क्रुसावर दिली गेली. इथे तुमच्याकडून फक्त होकार घेतला जातो. हे स्वस्त वाटणं सोडू नका, त्यावर थोडं थांबा. दया हिशेबात बसत नाही हे माणसाला पहिल्यांदा तिथेच जाणवतं.

आता जपमाळेकडे येऊ. तुम्ही ती रोज करता, म्हणून इतिहास थोडक्यातच सांगतो. पोलंडच्या संत फॉस्तिना १९०५ मध्ये जन्मल्या. १९३१ मध्ये प्वोत्स्कच्या मठात त्यांना दयाळू येशूचं दर्शन झालं, १९३५ मध्ये व्हिल्न्यूसला ही प्रार्थना मिळाली आणि १९३८ मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी, क्राकूवला त्या वारल्या. त्या दर्शनाच्या चित्राखाली जी ओळ लिहायला सांगितली गेली ती ‘येशू, माझा तुझ्यावर भरवसा आहे’ अशी आहे. ‘मला तुझी माफी जाणवते’ असं तिथे लिहिलेलं नाही. भरवसा ठेवायचा असतो, तो आपोआप दाटून येत नाही. फॉस्तिनांचे मार्गदर्शक फादर सोपोच्को यांचं उदाहरण मला यासाठी फार मोलाचं वाटतं. या भक्तीच्या त्या वेळच्या स्वरूपावर रोमने १९५९ मध्ये बंदी घातली, ती १९७८ मध्ये उठली. सोपोच्को १९७५ मध्येच गेले. बंदी उठल्याचं त्यांना पाहायला मिळालं नाही, तरी ते चर्चच्या आज्ञेत राहिले आणि दयेवरचं काम त्यांनी सोडलं नाही.

आता मालेचे मणी मोजा. साधी पाच दशकांची, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या पाच गटांची रोझरी. सुरुवातीला ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’, ‘नमो मरिया’ आणि प्रेषितांचा विश्वासांगीकार. मग प्रत्येक मोठ्या मण्यावर ख्रिस्ताचं अर्पण आणि दहा लहान मण्यांवर त्याच्या दुःखसहनाची आठवण करून ‘आम्हांवर आणि सर्व जगावर दया कर’. शेवटी तीन वेळा ‘पवित्र देवा’. सात-आठ मिनिटांची प्रार्थना. लहान मणी पन्नास, म्हणजे तुम्ही रोज पन्नास वेळा ‘आम्हांवर’ म्हणता. ‘माझ्यावर’ हा शब्द त्या ओळीत एकदाही येत नाही. आणि ‘सर्व जगावर’ म्हणताना तुमचा भाऊ त्या जगात असतोच. जी दया तुम्ही स्वतःसाठी मागता तीच, त्याच श्वासात, त्याच्यासाठीही मागता. देव तुमचं ऐकत नाही अशी भीती आहे ना? तो ऐकत असेल तर पन्नासही वेळा दोघांसाठी ऐकतो आहे. तुम्हांला हे चालेल का, हा प्रश्न मनाला विचारा. अनेक जण तिथे अडतात, आणि आपण अडलोय हे त्यांना माहीतही नसतं.

तीन वाजताच्या वेळेबद्दल एक सांगतो. ती येशूच्या मृत्यूची वेळ म्हणून पाळतात. कामामुळे चुकली तर पाप नाही, ही जपमाळ केव्हाही चालते. पाचला केली तर कमी फळ मिळेल, असा हिशेब ठेवू नका. तीही वहीच झाली.

क्षमेचा विषय निघाला की मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातला, स्वतःचं देणं माफ होऊनही सोबत्याला माफ न करणाऱ्या चाकराचा दाखला सगळे सांगतात, पण त्यातले आकडे कुणी मांडत नाही. मूळ ग्रीकमध्ये पहिल्या चाकराचं देणं दहा हजार तालांत आहे आणि त्याच्या सोबत्याचं शंभर दिनार. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. एक तालांत साधारण सहा हजार दिनारांचा. म्हणजे पहिल्याचं देणं सहा कोटी दिवसांच्या मजुरीएवढं झालं. मजुरी दिवसाला ८०० रुपये धरली तर ४,८०० कोटी रुपये. एवढं देणं असलेला चाकर राजाला काय म्हणतो? ‘मला वेळ द्या, मी सगळं फेडीन.’ त्याने माफी मागितलीच नाही, मुदत मागितली. राजाने माफ केलं, तरी बाहेर पडताना त्याच्या डोक्यात अजून फेडायचंच आहे. म्हणून त्याने सोबत्याचा गळा धरला. सहावं पापनिवेदन करायला निघालेला माणूस मला या चाकरासारखा दिसतो. त्याला सुटका मिळाली आहे, पण तो मुदतीवर जगतो आहे.

आता दुसरा आकडा पाहा. त्याच हिशेबाने शंभर दिनार म्हणजे ८०,००० रुपये, मजुराच्या घरातली तीन महिन्यांहून जास्त कमाई. ही रक्कम क्षुल्लक नाही, आणि येशूने ती क्षुल्लक म्हटलेलीही नाही. म्हणून ‘जमीनच ती, सोडून दे’ असं कुणी म्हटलं की तुम्हांला राग येतो, तो समजण्यासारखा आहे. भावाने तुमचं खरंच काही घेतलं असेल तर ते खरं नुकसान आहे. क्षमा खऱ्या नुकसानालाच करायची असते. जिथे काही बिघडलंच नाही तिथे क्षमेचा प्रश्नच येत नाही.

दावा मागे घ्यायचा का? माझं स्पष्ट मत: क्षमेसाठी तो मागे घेण्याची अट नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर १३ मे १९८१ रोजी गोळ्या झाडल्या गेल्या. चौथ्या दिवशी, १७ मे रोजी, त्यांनी मारेकऱ्याला ‘माझा भाऊ’ म्हणून माफ केल्याचं जाहीर केलं. १९८३ च्या डिसेंबरमध्ये ते त्याला रोमच्या तुरुंगात जाऊन भेटले. तरी तो माणूस २००० पर्यंत इटलीच्या तुरुंगातच होता. मनातली माफी आणि न्यायालयाची शिक्षा एकोणीस वर्षं शेजारी शेजारी चालल्या, दोघींनी एकमेकींना खोटं ठरवलं नाही. तुमच्या हिश्श्यावर मुलांचा, पत्नीचा हक्क असेल तर तो परस्पर सोडून देणं ही दया ठरत नाही, ती दुसऱ्याच्या पैशांतून केलेली उदारता होते. मात्र दावा कशासाठी चालू आहे हे तपासा. हिस्सा मिळवण्यासाठी असेल तर चालवा. त्याने तारखांना खेटे घालावेत, वकिलाच्या फीने वाकावं, गावात मान खाली घालावी, हा हेतू आत शिरला असेल तर तो भाग सोडा. ओळखायची एक खूण आहे: उद्या सगळा हिस्सा मिळाला आणि भाऊही सुखात राहिला, तर तुम्हांला चालेल का?

दाव्याच्या कागदांत आणखी एक गोष्ट पाहा. ही मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. बहीण आहे का? आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना भारतीय वारसा कायदा, १९२५ लागू होतो (गोव्यात नियम वेगळे आहेत). वडील मृत्युपत्र न करता गेले असतील तर एक तृतीयांश आईचा आणि उरलेलं सगळ्या मुलांना सारखं, मुलगा-मुलगी भेद नाही. वसईच्या वाड्यांत भावाभावांचे दावे वर्षानुवर्षं चालतात आणि बहिणीकडून ‘तुझं लग्न झालंय’ म्हणून हक्कसोडपत्रावर सही घेऊन ठेवलेली असते. तसं झालं असेल तर भावाला क्षमा करण्याआधी बहिणीचं देणं तुमच्यावर आहे. दया मागणाऱ्याने आपण कुणाचे देणेकरी आहोत हे आधी बघावं. तडजोडीची वाट हवी असेल तर न्यायालयामार्फत मध्यस्थी मागता येते किंवा प्रकरण लोकअदालतीत नेता येतं. तिथे तडजोड झाली की कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून सही करण्याआधी मोजणीचा नकाशा आणि सातबारा वकिलाला दाखवा.

आता भावाशी प्रत्यक्ष काय करायचं. फॉस्तिनांना दयेच्या तीन वाटा सांगितल्या गेल्या: कृती, शब्द आणि प्रार्थना. नऊ वर्षांचा अबोला असताना मी हा क्रम उलटा घेतो, कारण थेट कृतीने सुरुवात केली की समोरच्याला डाव वाटतो.

पहिले सहा आठवडे फक्त प्रार्थना. पाचांपैकी एक दशक, दहा मणी, भावाचं नाव मनात धरून. ‘त्याला सुबुद्धी दे’ असं म्हणू नका, त्यात तुमचा न्यायनिवाडा आला. त्याची पाठ दुखते का, मुलगी बारावीला आहे का, ते मागा. काही जाणवलं नाही तरी दहा मणी पूर्ण करा. हिब्रू भाषेत दयेसाठी जो एक शब्द आहे तो गर्भाशयाच्या शब्दाशी जोडलेला आहे, आणि शुभवर्तमानात येशूला कळवळा आला असं येतं तिथला ग्रीक शब्द आतड्यांवरून आला आहे. आपण ‘आतडं तुटतं’ म्हणतो तेच. आतडं हुकमावर तुटत नाही, पण कुणाच्या रोजच्या दुखण्याचं नाव तोंडी घेतलं की त्याला जागा मिळते.

मग शब्द. आधी वाईट शब्द बंद करायचे, चांगले शब्द त्यानंतर. जेवताना मुलांसमोर काकाचा विषय निघाला की जे बोललं जातं ते थांबवा. पत्नीलाही सांगा, पण तिच्यावर लादू नका. तिला वेगळं सोसावं लागलं असेल. पहिला निरोप जमिनीचा नसावा आणि सणाच्या दिवशीचाही नसावा, त्या दिवशी सगळेच पाठवतात. ‘आईच्या वर्षश्राद्धाची मिस्सा अमुक तारखेला ठेवतोय, तुझं नावही सांगू का?’ एवढं पुरे. बायबलचं वचन व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. आणि ‘मी तुला माफ केलं’ हे वाक्य त्याला कधीही ऐकवू नका. त्याच्या कानाला ते ‘गुन्हेगार तूच’ असं ऐकू येतं, आणि त्याच्या मनातही तुमच्या नावाची एक वही असणारच.

कृती शेवटी, आणि लहान. तो आजारी पडला तर डबा, घरी मयत झालं तर खांदा. मोठी रक्कम, मोठी भेट नको, त्याने तो मिंधा होतो. हिंसा, दारू किंवा धमक्यांचा इतिहास असेल तर भेटूच नका. तिथे प्रार्थनेची वाट पुरेशी आहे आणि सुरक्षित अंतर ठेवणं पाप नाही. क्षमा एकट्याला करता येते, समेटाला दोघे लागतात. त्याने उत्तर दिलं नाही तर तुमची बाजू अपुरी राहत नाही. सिस्टर राणी मारिया यांची मध्य प्रदेशात १९९५ मध्ये बसमधून प्रवास करताना हत्या झाली. त्यांच्या सख्ख्या बहिणीने, त्याही धर्मभगिनीच, २००२ मध्ये तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. त्या राखीपर्यंत पोहोचायला सात वर्षं लागली. तुम्हांलाही वेळ लागेल. घाई करून तोंडदेखला समेट केला तर पहिल्याच तारखेला तो मोडतो.

राग पुन्हा उसळला तर क्षमा खोटी होती असं समजू नका. निर्णय एकदा होतो, राग पुढे बरीच वर्षं येत-जात राहतो. कोर्टातून नोटीस आली, त्याने कुंपण दोन फूट सरकवलं, की जुनं सगळं वर येतं. त्या दिवशी त्याच्यासाठीचं ते एक दशक करा, आणि नोटिशीला वकिलामार्फत वेळेत उत्तर द्या. दोन्ही त्याच दिवशी करायला हरकत नाही.

तुम्ही विचारलंत, तोवर देव ऐकणार नाही का. प्रभूच्या प्रार्थनेतल्या (‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’) सगळ्या मागण्यांपैकी एकाच मागणीवर येशूने मत्तयच्या शुभवर्तमानात लगेच खुलासा केला आहे, ती क्षमेची. तुम्ही क्षमा केली नाही तर पिताही करणार नाही, असे ते कडक शब्द आहेत आणि मी ते सौम्य करणार नाही. पण ते क्षमा नाकारणाऱ्यासाठी आहेत. ‘मला जमत नाही, पण जमावं अशी इच्छा आहे’ म्हणणाऱ्यावर ते घालू नका. ती इच्छा तुमच्यात आहे, नाहीतर हा प्रश्न तुम्ही विचारलाच नसता. ती तशीच त्या फादरांना सांगा, त्या अर्ध्या तासात, कागदाच्या चौथ्या ओळीवर.

आणि पुढच्या तारखेला तो कोर्टाच्या आवारात समोर आलाच तर ‘कसा आहेस’ एवढंच विचारा. तुमच्या वकिलाला हे आदल्या दिवशी सांगून ठेवा, म्हणजे ते तुम्हांला हाताला धरून बाजूला ओढणार नाहीत.